मार्व्हा लिंडोची वाटणी

वाटणी करायची झाली की बार्कली स्ट्रीटवर मार्व्हा लिंडोला बोलावणं जायचं. लग्नातला रमचा केक असो, चौघांत मिळून घेतलेला बकरा असो, नाहीतर मेलेल्या आईच्या बांगड्या असोत, ती असे वाटे घालायची की नंतर तोंड वाकडं करायला कुणाला जागाच उरत नसे. गल्लीतल्या जमैकन बायकांची भिशीसुद्धा तिच्याचकडे होती. भिशी चालवणारीला आमच्यात पाद्र्याच्या खालोखाल मान, आणि खरं बोलायचं तर पैशाच्या बाबतीत पाद्र्यावर कुणी इतकं विसंबत नाही.

एकोणिसाव्या वर्षी ती जमैकातल्या क्लॅरंडनहून अमेरिकेत कनेक्टिकटला आली ती थेट उपनगरातल्या एका वृद्धाश्रमात. तेव्हापासून गोऱ्या म्हाताऱ्यांना कुशीवर वळवायचं, भरवायचं, त्यांचे लंगोट बदलायचे, हेच काम. उपनगर तिनं पाहिलं ते असं, मागच्या बाजूनं. नवरा डेस्मंड नोकरीसाठी फ्लोरिडाला गेला आणि तिथल्या उन्हात कुठे विरघळला कोण जाणे. मागे राहिल्या दोन जुळ्या मुली, नादिन आणि अ‍ॅबी. इतक्या सारख्या की शेजारची आंट जेमसुद्धा आधी हाक मारायची आणि मग कोण ओ देतं ते बघायची. आंट जेम नात्याची कुणी नव्हती, पण मार्व्हा कामावर गेली की मुलींना तीच सांभाळायची आणि त्या हक्कानं तोंडाला येईल ते बोलायची. दोघींतली आधी कोण जन्मली हे मार्व्हानं मुलींना कधी सांगितलं नाही. "एकीला थोरलेपण दिलं तर दुसरीला त्याच्या तोडीचं काय देऊ?" असं ती उलट विचारायची.

आता शाळेचं सांगतो. आमच्या शहरातल्या शाळांत सगळी मुलं काळी नाहीतर पोर्तोरिकन, आणि भोवतालच्या उपनगरांत सगळी गोरी. पूर्वी केव्हातरी कोर्टानं सांगितलं की हे बरं नव्हे, मुलं एकत्र शिकली पाहिजेत. पण उपनगरातल्या आयांना, तुमची पोरं बार्कली स्ट्रीटला पाठवा, असं सांगायची कुणाची छाती? तेव्हा सरकारनं आमिष दाखवायचं ठरवलं. शहरात अशा काही शाळा बांधल्या की गोऱ्यांनी आपण होऊन मुलं पाठवावीत. नदीकाठची विज्ञानशाळा त्यातली सगळ्यांत देखणी. तिला तारांगण होतं, माशांचे हौद होते, प्रत्येक मुलाला स्वतःचा सूक्ष्मदर्शक होता. अर्ध्या जागा उपनगराच्या, अर्ध्या शहराच्या. उपनगरात घरोघरी रंगीत पत्रकं जायची, या हो या म्हणून. शहरातून मात्र इतके अर्ज यायचे की सोडत काढावी लागे. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी शाळा, आणि आत जायला आमच्याच पोरांनी नशीब काढायचं! याला म्हणे न्याय.

मुली तिसरीत जायच्या वर्षी मार्व्हानं अर्ज केले, आणि तिथेच तिची चूक झाली. जुळ्यांचा अर्ज एकत्र जोडायची सोय होती. जोडला असता तर दोघी आत किंवा दोघी बाहेर. पण आंट जेम म्हणाली, "अगं, जोडलास तर चिठ्ठी एक. वेगळे केलेस तर दोन. भिशीत दोन हात घेतलेल्या बाईचा नंबर आधी लागतो की नाही?"

आमच्या भिशीत वाट्याला हात म्हणतात. मार्व्हाला ते पटलं. "आणि एकीचा लागला की दुसरीचाही मागून लागेलच," ती म्हणाली.

"लागणारच! भिशीत कधी कुणी कोरडं राहिलंय का?"

हे दोघींनी अगदी मनापासून धरलं होतं. जन्मभर भिशी खेळलेल्या माणसाला वाटतं, जगात सगळीकडे पाळी येतेच, फक्त कटकट न करता बसून राहायचं. सोडतीत नादिनचं नाव आलं. अ‍ॅबीचं प्रतीक्षायादीत पहिलं आलं. पहिलं म्हटल्यावर मार्व्हा खूश झाली आणि बसून राहिली.

महिनाभरानं नादिन घरी येऊन म्हणाली, "मम्मी, माझ्या टेबलाशी एक खुर्ची रिकामीच आहे. अ‍ॅबीला आण ना."

मार्व्हा दुसऱ्या दिवशी कामावर न जाता प्रवेशाच्या कचेरीत गेली. तिथे मिस रॅफर्टी नावाची गोड बोलणारी बाई होती. तिनं संगणकात बघितलं आणि म्हणाली, "बरोबर आहे, जागा रिकामी आहे. पण ती उपनगराची आहे."

"मग उपनगर कुठंय?"

"अजून कुणी आलेलं नाही."

"येणार आहे का?"

"सांगता येत नाही. पण आलं तर जागा हवी ना."

"माझी मुलगी आत्ता आलीय. यादीत पहिली आहे."

"शहराच्या यादीत, मिसेस लिंडो. शहराचं मूल गेलं तर शहराचं घेतो. त्या जागेवर शहराचं बसवलं तर वर्ग मिश्र राहणार नाही, आणि मिश्र राहिला नाही तर कोर्टाचा हुकूम मोडतो." मग ती हसून म्हणाली, "हा हुकूम तुमच्याच मुलांच्या भल्यासाठी आहे, हे विसरू नका हं."

मार्व्हानं आभार मानले आणि ती घरी आली. भिशीवालीशी भांडलं की आपला नंबर मागे जातो, हे तिच्या अंगात मुरलेलं.

हिवाळा आला. बार्कली स्ट्रीटच्या शाळेत विज्ञान म्हणजे भिंतीवरचा एक बेडकाचा तक्ता होता, आणि त्या बेडकाच्या पोटातले अवयव मुलांनी ओरबाडून काढले होते. संध्याकाळी जेवताना नादिन समुद्रघोड्याबद्दल सांगायची. समुद्रघोड्याचा बाप पोरं पोटात वागवतो, असं ती म्हणाली तेव्हा अ‍ॅबी म्हणाली, "खोटारडी!" नादिननं तिला असं काही समजावून सांगितलं, इतकं शांतपणे, मोठ्या माणसानं लहानाला सांगावं तसं, की मार्व्हाचा घास हातातच राहिला. आतापर्यंत दोघी भांडायच्या, एकमेकींच्या झिंज्या ओढायच्या. एकीनं दुसरीला समजून घेतलेलं तिनं पहिल्यांदाच पाहिलं. अ‍ॅबी मान खाली घालून भातातले दाणे बाजूला सारत बसली. पुढे तिनं समुद्रघोड्याबद्दल काही विचारलं नाही. कशाबद्दलच विचारलं नाही.

वाट्यात फरक पडला होता, आणि तोही मार्व्हाच्या घरात.

भिशीत ज्यांना पूर्ण हात झेपत नाही अशा दोन बायका मिळून एक हात घेतात. अर्धा अर्धा. नंबर एकच, उचलायची आळीपाळीनं. हे मार्व्हानं शेकडो वेळा केलं होतं. रविवारी चर्चहून येताना तिच्या मनात ते आलं, आणि घरी पोचेपर्यंत तिनं ठरवूनही टाकलं. दोघींना समोर बसवून ती म्हणाली, "जागा एक आहे. तुम्ही दोघी अर्ध्या अर्ध्या. एक आठवडा ही नादिन, एक आठवडा ती नादिन. जी नादिन नसेल ती अ‍ॅबी होऊन बार्कली स्ट्रीटला जाईल."

"खोटं बोलायचं?" नादिननं विचारलं.

"बोलायचं काहीच नाही. हाक मारली की ओ द्यायची."

आंट जेम कपाळाला हात लावून म्हणाली, "मार्व्हा, अगं पकडतील तुला!"

"कोण पकडणार? वृद्धाश्रमात मी अठरा वर्षं आहे. अजून मला विनिफ्रेड म्हणतात, आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या विनिफ्रेडला मार्व्हा. ती माझ्याहून हातभर उंच आहे. यांना आपल्यातल्या दोन परक्या बायका वेगळ्या ओळखता येत नाहीत, जुळ्या काय ओळखणार!"

आणि झालंही तसंच. विज्ञानशाळेतल्या बाईंना काडीचा पत्ता लागला नाही. फक्त एकदा त्यांनी घरी कळवलं की नादिन अधूनमधून विसरभोळी होते, पण प्रेमळ मुलगी आहे. बार्कली स्ट्रीटवर मात्र मिसेस पेटिफर्ड होत्या. काळ्या, साठीच्या, वर्गात तीस पोरं, आणि तीसही पोरांच्या आज्या त्यांच्या ओळखीच्या. दुसऱ्याच आठवड्यात त्या दुकानात मार्व्हाला गाठून म्हणाल्या, "या आठवड्यातली अ‍ॅबी पेन्सिल चावते, गेल्या आठवड्यातली चावत नव्हती." मिसेस पेटिफर्ड टोपलीत कांदे टाकत पुढे म्हणाल्या, "माझी नजर अधू झालीय हल्ली. मला काय दिसतंय!" आणि निघून गेल्या.

घरातला खरा अभ्यास सुरू व्हायचा तो शुक्रवारी. स्वयंपाकघरात टेबलाशी बसून एक दुसरीला आठवडा सोपवायची. शेजारी कोण बसतं, कोण चिडवतं, बाई काय म्हणाल्या, भागाकार कुठवर आला, माशाचे कल्ले कसे उघडतात, सगळं. एकीनं शिकलेलं दुसरीनं घोटून घ्यायचं, नाहीतर सोमवारी फजिती. अशा रीतीनं प्रत्येक मुलगी दोन शाळा शिकत होती आणि वर एकमेकींच्या मास्तरीणबाई होत होती. अ‍ॅबी पुन्हा भांडायला लागली, झिंज्या ओढायला लागली. मार्व्हा तिकडे कडधान्य भिजत घालताना कान देऊन ऐकायची आणि मनातल्या मनात फुगायची. तिच्या आयुष्यातली ही सगळ्यांत चोख वाटणी होती.

वसंतात दारावर डॉक्टर सेलिया वॉटरमन आल्या. विद्यापीठातल्या संशोधक. सोडतीत नंबर लागलेली मुलं आणि न लागलेली मुलं, यांना त्या वर्षानुवर्षं तपासत होत्या. शाळेमुळे खरंच फरक पडतो का, हे शोधण्यासाठी. मार्व्हानं अर्ज करताना कुठेतरी याला होकार दिला होता. नाही म्हणावं तर संशय येणार. शिवाय डॉक्टर काळ्या होत्या, दक्षिणेतल्या जॉर्जियाच्या, आल्या आल्या त्यांनी आंट जेमला अदबीनं 'मॅम' म्हटलं, म्हणून दार पूर्ण उघडलं गेलं.

"मिसेस लिंडो, तुम्हाला कल्पना नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "इतर मुलांच्या बाबतीत लोक म्हणतात, घर वेगळं, आईबाप वेगळे, मुलांची कुवत वेगळी. इथे सगळं एक आहे. फक्त शाळा वेगळी. अशी जोडी आम्हाला जन्मात मिळत नाही."

"मग आमचं भाग्यच," मार्व्हा म्हणाली आणि त्यांच्यापुढे नारळाच्या दुधातला गरम कोको ब्रेड ठेवला.

डॉक्टरांनी दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून प्रश्न सोडवून घेतले. दोघींना सारखे गुण. पुढल्या वर्षी पुन्हा तेच. त्याच्या पुढल्या वर्षी डॉक्टर जरा गोंधळल्या. "बाकीच्या मुलांत थोडा थोडा फरक दिसतोय. सोडत जिंकलेली पुढे जातात. तुमच्या मुलींत मात्र काहीच नाही."

"काहीच नाही ना?" मार्व्हानं विचारलं.

"तिळाएवढा नाही."

मार्व्हाचा चेहरा असा उजळला की डॉक्टरांना नवल वाटलं असेल. तिला बिचारीला वाटलं, कुणीतरी शिकलेल्या बाईनं तिच्या वाटणीला शाबासकी दिली. हे आकडे पुढे कुठे जातात, कोण वाचतं, त्याचं काय करतं, हा विचार तिला शिवला नाही. तिनं डॉक्टरांना जाताना आल्याच्या वड्या बांधून दिल्या.

मुली पाचवीत असताना सरकारनं विज्ञानशाळेची दुसरी इमारत बांधायचं मनावर घेतलं. झाली असती तर शहराच्या यादीतली सगळी मुलं आत जाणार होती. म्हणजे अ‍ॅबी, स्वतःच्या नावानं, स्वतःच्या खुर्चीवर. मग अर्धा हात, सोमवार, सोंग, सगळं संपणार. दोघी आता वाढीला लागल्या होत्या. एकीचे दात पुढे येत होते, एकीचे नव्हते. मार्व्हाला आरशासारखं स्वच्छ दिसत होतं की हे फार काळ चालायचं नाही.

विधिमंडळाच्या समितीपुढे सुनावणी होती. मार्व्हानं बोलणाऱ्यांत नाव दिलं, मुलींना चर्चचे फ्रॉक घातले आणि आंट जेमला घेऊन पुढच्या बाकावर जाऊन बसली. मिस रॅफर्टी पलीकडच्या बाजूला शाळावाल्यांत बसली होती. तिनं गोड हसून मान हलवली.

आधी डॉक्टर वॉटरमन बोलल्या. जपून, तोलून मापून बोलणारी बाई. सोडत जिंकलेली मुलं थोडी पुढे आहेत, पण आकडे लहान आहेत, अजून वर्षं लागतील, असं सगळं त्यांनी सांगितलं. समितीत ड्रिस्कॉल नावाचे उपनगरातून निवडून आलेले गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "पण डॉक्टर, हा फरक शाळेचा कशावरून? ज्या आया अर्ज करतात त्यांची घरं मुळात वेगळी असणार."

"म्हणूनच आम्ही अर्ज केलेल्यांचीच तुलना करतो."

"अगदी सारख्या घरातल्या दोन मुलांची तुलना केलीत कधी?"

डॉक्टरांनी हातातले कागद मिटले. खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "एक जोडी आहे," त्या म्हणाल्या. "एकसारख्या जुळ्या मुली. एक जिंकली, एक हरली."

"मग?"

"त्यांच्यात फरक दिसला नाही. पण एका जोडीवरून..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. ड्रिस्कॉल खुर्चीत मागे रेलले आणि सभेकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? एकच पोट, एकच चूल. एकीला तारांगण, दुसरीला बार्कली स्ट्रीट. आणि तीन वर्षांनी निकाल सारखा! मग माझ्या मतदारांनी दुसरं तारांगण कशासाठी बांधायचं? पोरगी हुशार असली की कुठेही शिकते, आणि नसली की कुठेही नाही." मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या.

मार्व्हा बाकावरून अर्धी उठली. आंट जेम दातांतल्या दातांत म्हणाली, "गप्प बस. तू नुसतं शाळा हवी म्हण आणि खाली बस. ऐकतेस का?" दोन्ही मुली तिच्या तोंडाकडे बघत होत्या. बोलावं तर नादिनची जागा जाणार. न बोलावं तर अ‍ॅबीची शाळाच उभी राहणार नाही, आणि ती सुद्धा अ‍ॅबीचेच गुण दाखवून बुडवणार. एवढ्यात तिचं नाव पुकारलं.

ध्वनिक्षेपकापाशी जाऊन ती म्हणाली, "साहेब, त्या जुळ्या माझ्या."

ड्रिस्कॉल खुर्चीत पुढे सरकले.

"त्यांच्यात फरक नाही, कारण दोघीही नदीकाठच्या शाळेत जातात. एक आठवडा ही, एक आठवडा ती. मीच पाठवते. जागा एक होती, मी अर्धी अर्धी केली. शाळेनं फरक पडतो, साहेब. पडायला लागला होता. माझ्या जेवणाच्या टेबलावर मी डोळ्यांनी बघितला. मी तो पडू दिला नाही, एवढंच."

ड्रिस्कॉल हसले. वाईट हसले असंही नाही. मुलानं चंद्र मागितला की हसतात तसे. "बाई, तुमची तळमळ मला समजते. आई मुलांसाठी काहीही सांगते. तीन वर्षं दोन शाळांना कळलं नाही?" मग ते डॉक्टरांकडे वळले. "डॉक्टर, याच त्या मुली का?"

सगळ्या सभेनं डॉक्टरांकडे बघितलं. मार्व्हानंही बघितलं. डॉक्टरांचा चेहरा राखेसारखा झाला होता. अभ्यासात कोण आहे, कोण नाही, हे बाहेर कुणालाही न सांगण्याची त्यांची शपथ असते. त्या शपथेवरच घरोघरची दारं उघडतात.

"अभ्यासातल्या मुलांची ओळख मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या.

"अहो, पण मीच सांगतेय ना!" मार्व्हा ओरडली. "माझ्या घरी येऊन ब्रेड खाल्लात तुम्ही!"

"मी हो म्हणू शकत नाही, मिसेस लिंडो. नाहीही म्हणू शकत नाही."

बोलायला दिलेली तीन मिनिटं संपल्याची घंटा वाजली. समितीनं मार्व्हाचं बोलणं खरं धरलं नाही आणि दुसरी इमारत त्याच आठवड्यात बारगळली. मिस रॅफर्टीनं मात्र शब्दन् शब्द खरा धरला. तिनं तिथल्या तिथे फोन काढला होता.

वर्तमानपत्रात मार्व्हाचा फोटो आला, खाली 'फसवणूक' हा शब्द. भिशीतल्या बायका एकेक करून आल्या. कुणी भांडलं नाही, सगळ्या गोड बोलल्या. या खेपेला जमत नाही गं, मुलाचं शिक्षण आहे, गावाकडे पैसे पाठवायचेत. महिन्याभरात भिशी दुसऱ्या गल्लीतल्या एका बाईकडे गेली. आंट जेमनं आपला हात काढला नाही, पण एकट्या हाताची भिशी होत नाही.

मग कचेरीतून बोलावणं आलं. मिस रॅफर्टी म्हणाली, "वरून विचारणा होती की खटला भरावा का. आम्ही नको म्हटलं. आम्ही काही दुष्ट नाही. नादिनची जागा तिची तिलाच राहील. फक्त यापुढे फाटकाशी बोटाचा ठसा द्यावा लागेल." तिनं एक छोटं यंत्र पुढे सरकवलं. "तर, नादिन कोण?"

दोघी मुली हातात हात घालून उभ्या होत्या. कुणी हललं नाही. तीन वर्षं दोघीही नादिन होत्या आणि दोघीही अ‍ॅबी. त्या बाईला काय कळणार होतं? मार्व्हानं कुठलीही पुढे केली असती तरी चाललं असतं. तेच तर भयंकर होतं. दोघींतली एक निवडायची, या एकाच गोष्टीला ती जन्मभर घाबरत आली होती, आणि ती आज अशी टेबलावर मांडून ठेवली होती.

"मिसेस लिंडो? मला पुढचीही माणसं बघायची आहेत."

मार्व्हानं नादिनकडे बोट दाखवलं. ते खरं होतं म्हणून दाखवलं, दुसरं काही कारण नव्हतं. अ‍ॅबीनं आपणहून बहिणीचा हात सोडला.

त्याच संध्याकाळी डॉक्टर वॉटरमन आल्या आणि दारातच रडल्या. "मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी तुमची नावं गाळली असती. आता जुने आकडे सगळे बाद." थोड्या सावरल्यावर त्यांनी विचारलं, यापुढे तपासणी चालू ठेवू का. आता दोघी खरोखरच वेगळ्या शाळांत आहेत. फरक पडला तर तो पक्का पुरावा होईल, ड्रिस्कॉलच्या तोंडावर मारता येईल. मार्व्हानं अ‍ॅबीकडे बघून हो म्हटलं. तिच्यापाशी दुसरं काय उरलं होतं?

दोन वर्षांत फरक पडला. शुक्रवारचं टेबल बंद झालं होतं. नादिनला घरी आणलेला अभ्यास उरकायचा नाही, आणि आता तिला सोमवारसाठी कुणाला काही सोपवायचं नव्हतं. तिला उपनगरातल्या मैत्रिणी मिळाल्या. शनिवारी त्यांच्या गाड्या दाराशी यायच्या आणि ती धावत जायची. अ‍ॅबी मोठ्या शाळेत गेली. तिथे मिसेस पेटिफर्ड नव्हत्या, पेन्सिल कोण चावतं ते बघायला कुणीच नव्हतं. घरी ती बहिणीला वाट देऊन चालायला लागली. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

सातवीच्या वसंतात डॉक्टर निकाल घेऊन आल्या. स्वयंपाकघरात मार्व्हा आणि अ‍ॅबी होत्या. नादिन आतल्या खोलीत दार लावून बसली होती.

"मिसेस लिंडो," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या, पण आनंद काही त्यांना लपवता येईना. "फरक आलाय. चांगला ठळक आलाय. वाचनात, गणितात, दोन्हींत. पुढच्या सुनावणीला हे कुणी खोडून काढू शकणार नाही. दुसरी इमारत होईल बघा."

"सुनावणी कधी आहे?"

"तीन वर्षांनी. तेव्हा नवी समिती येईल."

मार्व्हानं मनातल्या मनात हिशेब केला. तेव्हा मुली दहावीत असणार. विज्ञानशाळा आठवीपर्यंतच होती. अ‍ॅबीनंही तो हिशेब केला असणार, कारण तिनं विचारलं, "त्यात मी असेन का?"

डॉक्टर वॉटरमन खोटं बोलत नसत. "नाही, अ‍ॅबी," त्या म्हणाल्या. "पण तुझ्यामुळे किती मुलांना जागा मिळेल!"

अ‍ॅबीनं जरा विचार केला. मग ती म्हणाली, "मग पुढच्या वर्षी मी मुद्दाम थोडी उत्तरं चुकवू का? फरक अजून मोठा दिसेल."

"नाही गं," डॉक्टर घाईघाईनं म्हणाल्या. "तसं नाही करायचं. त्यानं निकाल बिघडतो."

मार्व्हा खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. परक्या बाईसमोर, मुलीसमोर, गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. अ‍ॅबी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आतलं दार उघडलं आणि नादिननं डोकं बाहेर काढलं.

"मम्मी, प्लीज जरा हळू," ती म्हणाली. "माझा उद्या पेपर आहे."